जाळायची दोनशे चाळीस पुस्तकं

मुंगीने ठरलेलं लग्न मोडलं आणि टीव्हीच्या मालिकेत नोकरी धरली, त्या वर्षीची ही गोष्ट.

मुलगा चष्म्यांच्या दुकानाचा मालक होता. शांत, निर्व्यसनी, घरचं बरं. गावात उरलेल्या यहुद्यांमध्ये लग्नाचे पुरुष मोजून तीन होते. त्यातला एक मुंगीचा चुलतभाऊ, दुसरा सत्तरीचा विधुर आणि तिसरा हा. त्यामुळे मुंगीने नकार दिला तेव्हा तिच्या बापाला वाटलं, पोरीने आख्खी जमातच नाकारली. आठ दिवस तो तिच्याशी बोलला नाही. नवव्या दिवशी बोलला तो एवढंच, "डिसेंबरअखेर नोकरी कायम झाली तर बघू. नाही झाली तर चष्मेवाला. त्याने दुसरा चष्मा अजून लावलेला नाही, मी विचारलंय."

मुंगीचा मामा पुस्तकबांधणी करायचा. घराच्या पुढच्या खोलीत लोखंडी दाबयंत्र, खळीचं भांडं, सुया, दोरा, कापडाचे तुकडे. मागच्या खोलीत त्याची थोरली बहीण आक्का, वय वर्षं चौऱ्याऐंशी, तिचा पलंग आणि तिचा टीव्ही. मामा एकाहत्तरचा. लग्न केलं नाही, कारण आक्काला कुणी पसंतच पडली नाही. प्रार्थनागृहातली सगळी जुनी पुस्तकं त्याच्याच हाताखालून जायची. गंमत म्हणजे तीस वर्षं त्याने ती न वाचताच बांधली. ती हिब्रू अक्षरं त्याला येत नव्हती. प्रार्थना सगळ्यांसारख्याच त्यालाही ऐकून पाठ. मग एकदा भर प्रार्थनेत प्रार्थनागृहाच्या अध्यक्षांनी पुस्तक उलगडलं तर मधली सोळा पानं डोक्यावर उभी. त्यांनी नुसतं पुस्तक उलटं धरलं आणि प्रार्थना पुढे चालू ठेवली. ते मामाला इतकं लागलं की पंचावन्नाव्या वर्षी तो लहान मुलांचं अक्षरओळखीचं पुस्तक घेऊन बसला. वर्षभरात वाचायला लागला. सावकाश, उजवीकडून डावीकडे, बोट ठेवून. पण लागला.

मालिका एका जुन्या यहुदी कुटुंबावर होती, म्हणून मुंगीने मामाला सल्लागार म्हणून नेलं. पहिल्या दिवशी दिग्दर्शकाने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मामाचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला पेन, नखांत वाळलेली खळ.

"काका, तुम्ही खरंच यहुदी?"

"जन्मापासून."

"नाही, म्हणजे… वाटत नाही तसे."

त्या दिवशी प्रार्थनेच्या दृश्यात गर्दीला एक माणूस कमी पडत होता. बाकीचे काळे कोट चढवून, दाढ्या डकवून उभे होते. कुणीतरी म्हणालं, काकांना उभं करू मागे. दिग्दर्शकाने मान हलवली. "नको. ते बाकीच्यांत वेगळे दिसतील. खटकेल."

मामा घरी येऊन आक्काला म्हणाला, "यहुदी म्हणून आज मला नापास केलं."

"बरं झालं," आक्का म्हणाली. "तुझा चेहरा आपल्या बापावर नाहीच गेलेला. मी लहानपणापासून सांगतेय."

त्यानंतर मामाने जे जे सांगितलं ते दिग्दर्शकाने आदराने ऐकलं आणि सोडून दिलं. दाराच्या चौकटीला लावायची प्रार्थनेची डबी त्यांनी न्हाणीघरालाही ठोकली होती. मामा म्हणाला, तिथे लावत नाहीत. दिग्दर्शक म्हणाला, "प्रेक्षकाला कळायला हवं ना, घर यहुद्यांचं आहे ते."

"न्हाणीघरसुद्धा?"

"काका, घर म्हटलं की सगळंच आलं."

धर्मग्रंथाच्या पवित्र गुंडाळ्या ठेवतात त्या कपाटाकडे तोंड करून प्रार्थना करतात, पाठ करून नाही, हेही त्याने सांगून पाहिलं. पण कॅमेरा कपाटासमोर लागलेला, आणि नटाचा चेहरा कॅमेऱ्याकडे हवा. नट मोठा होता. मालिकेत तो आजोबा, आणि भूमिकेत इतका शिरलेला की कामाच्या वेळेबाहेरही दाढी काढत नसे आणि चहावाल्यालाही "शालोम" म्हणून चहा मागे. चहावाल्याला वाटायचं, हे बिनसाखरेच्या चहाचं नाव आहे.

मामाचा एकच सल्ला कुणीतरी मनावर घेतला, आणि घात झाला तो त्यानेच. तो मुंगीला म्हणाला होता, "टीव्हीवर आपली पुस्तकं दाखवतात तेव्हा पानावर नुसतं कोंबडीने उकरल्यासारखं असतं. तू तरी खरी अक्षरं घाल गं. लाज राख."

मुंगीने राखली.

नोव्हेंबरात तो मोठा भाग आला. कथेत गावगुंड प्रार्थनागृहातली पुस्तकं अंगणात आणून पेटवतात आणि आजोबा आत शेवटची प्रार्थना म्हणतात. कलादिग्दर्शक कावीळ होऊन घरी पडलेला, म्हणून सगळा भार त्याची मदतनीस असलेल्या मुंगीवर. दिग्दर्शकाने तिला सरळच सांगितलं होतं, हा भाग नीट पार पडला की तू कायम. तिने दोनशे चाळीस पुस्तकं करून घेतली. पुठ्ठा, वर जुनाट दिसणारं कापड, आत रद्दीचा गठ्ठा आणि सगळ्यात वर आठ छापील पानं. बांधणीही बरोब्बर उजव्या अंगाला. सकाळी तिने एक प्रत मामाच्या हातात दिली आणि शाबासकीची वाट बघत उभी राहिली.

मामाने आधी पुठ्ठा वाकवून पाहिला. मग खळीचा वास घेतला. "खळ पातळ आहे. पण मन लावून केलंयस." मग पान उघडलं आणि सवयीने बोट ठेवलं. पहिली ओळ. दुसरी ओळ. तिसऱ्या ओळीवर बोट थांबलं ते उठेचना.

"हे कुठून घेतलंस?"

"इंटरनेटवरून. जुन्या प्रार्थनापुस्तकाची पानं आहेत. खरी." मुंगीचा चेहरा फुललेला. "तूच म्हणालास ना?"

"मुंगे, इथे देवाचं नाव आहे. चार अक्षरी. आपण जे तोंडाने उच्चारतसुद्धा नाही, ते." त्याने पान उलटलं. "इथेही. इथे तर तीन वेळा."

मुंगीला अक्षरं येत नव्हती, पण घरचा कायदा येत होता. ज्या कागदावर ते नाव आहे तो फाडायचा नाही, फेकायचा नाही, जाळायचा तर नाहीच. जीर्ण झाला तर माणसासारखा मातीत ठेवायचा. मामाच्या कपाटात अशा कागदांची एक पिशवी कायम असायची. मुंगीच्या चेहऱ्याचा रंग उतरला.

"किती प्रती आहेत म्हणालीस?"

"दोनशे चाळीस. मामा, पण हे मशीनने छापलंय. कुणी मनात आणून थोडंच लिहिलंय?"

"वाचताना माझ्या मनात आलं ना. आता काय करू?"

बाहेर अंगणात लाकडं रचली जात होती. पाण्याची टाकी, वाळूच्या बादल्या, सगळं सज्ज. दिग्दर्शकाला सांगावं तर पहिला प्रश्न तो विचारणार, ही पानं कुणी आणली. मुंगीची नोकरी तिथेच संपली, आणि चष्मेवाला काही दूर नव्हता. न सांगावं तर तासाभरात ते नाव दोनशे चाळीस ठिकाणी धडधडा पेटणार. तेही यहुद्याच्या देखत, यहुद्याच्या सल्ल्याने! वाचता येणारा तिथे तो एकटाच. गप्प बसला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पंचावन्नाव्या वर्षी ही अक्षरं शिकायची दुर्बुद्धी आपल्याला का झाली, असं त्याला घटकाभर वाटून गेलं.

मग त्याने खिशातून आपली कापायची सुरी काढली, एका पुस्तकाची सांध पाहिली आणि हिशेब केला.

"सांधेतून एका रेघेत आठही पानं सुटतील. खळ पातळ आहे ते बरंच झालं. पुस्तकामागे अर्धं मिनिट. दोन तास लागतील."

"शॉट वीस मिनिटांत आहे!"

"आधी आजोबांची प्रार्थना घेणार ना? मग ते माझ्यावर सोड. तू दार लावून कापायला लाग. अक्षरांवर सुरी जाऊ देऊ नकोस. आणि जागी घालायला छापील कागद बघ कसलेतरी."

मामा निघाला तो थेट आजोबांकडे. ते आरशासमोर बसून रडायची तयारी करत होते. मामा बाजूला उभा राहिला आणि त्याने एक सुस्कारा टाकला.

"काय झालं, काका?"

"काही नाही. मोठे कलावंत तुम्ही. मी साधा पुस्तकं शिवणारा."

"बोला, बोला."

"नाही म्हणजे… आमच्यातलं कुणी बघेल तेव्हा म्हणेल, एवढा मोठा नट, आणि देवाकडे पाठ करून रडला."

आजोबा आरशातून वळले. "पाठ?"

"कपाटाकडे तोंड हवं. शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं आमच्यात. मी पहिल्याच दिवशी बोललो होतो. पण असू दे. लोकांना काय कळतंय."

पाच मिनिटांत मंडपात आरडाओरडा झाला. आजोबा सेटच्या मधोमध हाताची घडी घालून उभे. "मी देवाकडे पाठ करून रडणार नाही."

"सर, कपाट पुठ्ठ्याचं आहे," दिग्दर्शक म्हणाला.

"अश्रू पुठ्ठ्याचे नाहीत."

"सर, मग तुमचा चेहरा दिसणार नाही."

"भिंत काढा. कॅमेरा कपाटाच्या जागी लावा. मी कपाटाकडे बघेन, म्हणजे प्रेक्षकाकडे बघेन." हे सुचल्याबद्दल आजोबांना स्वतःचंच इतकं कौतुक वाटलं की आता ते ब्रह्मदेवाचं ऐकणार नव्हते.

दिग्दर्शकाने कपाळावर हात मारला. भिंत उतरवायची, दिवे हलवायचे, कॅमेऱ्याचे रूळ उखडून पुन्हा घालायचे. "किती वेळ?" त्याने ओरडून विचारलं.

"अडीच तास!" मंडपातून उत्तर आलं.

मामाने मनातल्या मनात देवाचे आभार मानले, नाव न घेता.

सामानाच्या खोलीत मुंगीने बत्तीस पुस्तकं उरकली होती. मामाच्या हाताला पन्नास वर्षांची सवय. तो बसला तसा वेग चौपट झाला. सुटलेली पानं तो आईने अंगड्या-टोपड्यांची घडी करावी तशी रचत होता. जागी घालायला मुंगीला खोलीच्या कोपऱ्यात खजिना सापडला होता. या मालिकेचा प्रत्येक भाग सात-सात वेळा लिहिला जाई, आणि टाकून दिलेल्या संहितांचे गठ्ठे छतापर्यंत गेलेले. तीच पानं कापून ती चिकटवत होती, उलटी.

"उलटी का गं?"

"कॅमेऱ्यात अक्षर लागू नये म्हणून. मामा, आपल्या घरात उलटी पानं बांधायची परंपराच आहे म्हणा."

"फार बोलतेस. खळ लाव."

दीडशे झाली असतील, तोच दार ढकलून दिग्दर्शक आत आला. बाहेरच्या गोंधळातून दोन मिनिटं सिगारेट ओढायला तो लपत असे, ते याच खोलीत. त्याने पाहिलं. सल्लागार सुरी घेऊन मांडी घालून बसलाय, पुस्तकांची पोटं उघडी, आणि मुंगीच्या हातात त्याचीच संहिता.

"हे काय चाललंय?"

मामा तोंड उघडणार, तोच मुंगी उठली. "चूक माझी आहे. पानं खरी निघाली. त्यांच्यावर देवाचं नाव आहे आणि ते जाळता येत नाही. मला वाचता येत नाही, म्हणून कळलं नाही. मामाने आत्ता वाचलं. नोकरीवरून काढायचं तर काढा. पण उरलेली नव्वद कापून झाल्यावर."

दिग्दर्शक पालथ्या घातलेल्या बादलीवर बसला. सिगारेट पेटवायची राहूनच गेली. मामाला वाटलं आता फुटणार. पण माणूस वेगळ्याच गणितात होता.

"म्हणजे मी आज जे जाळणार होतो ते खरं होतं?"

"पानांपुरतं," मामा म्हणाला.

"आणि हे दाखवल्यावर जगातल्या कुणीतरी यहुद्याने टीव्ही थांबवून पान वाचलं असतं."

"आमच्यात थांबवून वाचणारे भरपूर आहेत."

"वाहिनीने माझी कातडी सोलली असती." त्याने दार आतून लावलं. कडी घातली. बाह्या सरसावल्या. "कुणाला एक अक्षर बोलायचं नाही. खळ कुठे आहे?" मग त्याने वरची संहिता उचलून चाळली. "थांब, हा भाग नको जाळू, हा बरा लिहिला होता. हा कुठला? सासू बेशुद्ध पडते तो? घाल. दोन-दोन प्रतींत घाल. मी वाहिनीला सांगत होतो की हा जाळण्याच्या लायकीचा आहे."

तिघांनी मिळून चाळीस मिनिटांत संपवलं. उठताना दिग्दर्शक मुंगीला म्हणाला, "तू कायम."

"खरंच?"

"तुला काढलं तर तू बाहेर जाऊन बोलशील. त्यापेक्षा आतच बरी."

आजोबा कपाटाकडे तोंड करून असे रडले की दिवे धरणारेही नाक पुसत होते. पुस्तकं पेटली. राख उडाली. दिग्दर्शक मामाच्या कानाशी लागून म्हणाला, "काका, काय समाधान वाटतंय म्हणून सांगू."

बापाने नोकरीचं पत्र उलटसुलट वाचलं आणि चष्मेवाल्याला निरोप पाठवला. पुढे महिन्याभरात चष्मेवाल्याने परगावची शिक्षिका केली.

मामाच्या घरी मात्र दोन गोण्या येऊन पडल्या. एक हजार नऊशे वीस पानं. दफनभूमी लहान, नुसत्या कागदांसाठी तिथे जागा खणत नसत. रीत अशी की कुणी गेलं की त्याच्या शेजारी ही जीर्ण पानं ठेवायची. आणि साडेतीन वर्षांत कुणी गेलं नव्हतं. म्हातारे सगळे चिवट. मामा रस्त्यात भेटला की आधी सवयीने विचारायचा, "तब्येत कशी काय?" गोण्यांची बातमी पसरल्यावर लोक त्या प्रश्नाने चिडायला लागले. अध्यक्ष तर त्याला पाहून पलीकडच्या फुटपाथवर जाऊ लागले. एकदा गाठ पडलीच, तेव्हा ते लांबूनच ओरडले, "रक्त तपासलंय! सगळं उत्तम आहे! तू दुसरीकडे बघ!"

गोण्या आक्काच्या पलंगाखाली होत्या. रोज उतरताना तिची टाच त्यांना लागायची.

"ह्या जायच्या कधी?"

"कुणी गेलं की."

"कुणाची वाट बघतोयस?" मामाने वाकून गोण्या हाताने आणखी आत सरकवल्या. "माझी का रे?"

"आक्का, भलतंसलतं बोलू नकोस."

"त्यात भलतं काय? माझ्या दोन्ही बाजूंना जागा मोकळीच असणार आहे. नवरा परदेशात पुरलाय मेला. मी नेते." तिने पाय वर घेतले. "पण तो भाग बघितल्याशिवाय नाही. पोरीने एवढं केलंय. आणि हे बघ, मी नेणार तर त्यात काय लिहिलंय ते मला कळायला हवं. वाच."

मामाने एक पान काढलं, बोट ठेवलं आणि अडखळत पहिली ओळ वाचली. दुसरीच्या सुरुवातीला तो थांबला, अक्षर पुसट होतं. तेवढ्यात आक्का पुढचं म्हणायला लागली. दुसरी ओळ, तिसरी ओळ, पानाच्या तळापर्यंत, न अडखळता. सकाळी उठल्यावर म्हणायची साधी प्रार्थना, आईने दोघांना शिकवलेली. मामाचं बोट तिच्या मागे मागे धावत होतं. नावाच्या जागी ती दर वेळी चुकवून दुसरा शब्द घेत होती, जसा घ्यायचा असतो तसा. तिने आयुष्यात एक अक्षर पाहिलं नव्हतं.

"बरोबर आहे का?" तिने विचारलं.

"एक चूक नाही."

"मग एवढी वर्षं तू शिकलास काय?"

भाग फेब्रुवारीत दाखवला. मुंगी मुद्दाम घरी आली होती. आजोबा रडले तेव्हा आक्का म्हणाली, "ह्याला कुणी सांगितलं आपण एवढे रडतो?" पुस्तकं पेटली, एक पान ज्वाळेतून वर उडालं आणि पडदाभर दिसलं. आक्का पुढे झुकली, डोळे बारीक केले.

"काय लिहिलंय रे त्यावर?"

"सासू बेशुद्ध पडते," मुंगी म्हणाली.

आक्का हसायला लागली ती थांबेचना. शेवटी मामाने तिला पाणी दिलं, पाठ चोळली. टीव्ही बंद करताना ती म्हणाली, दिवे फार लावलेत, पण पोरीचं काम स्वच्छ आहे.

त्याच वर्षी जूनच्या चार तारखेला, बुधवारी सकाळी, चहाचा कप खाली ठेवल्यावर आक्का गेली. दुसऱ्या दिवशी तिला मातीत ठेवलं, दोन्ही गोण्या तिच्या दोन्ही बाजूंना ठेवल्या, आणि खांदा द्यायला अध्यक्ष सगळ्यात पुढे होते.